घरचा ब्रॉडबँड आणि ‘राखीव’ वीस टक्के

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले आणि त्यांचे पालक यांचे एक गाऱ्हाणे वारंवार कानी येते : १०० एमबीपीएसची जोडणी घेतली, तरी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना चक्र फिरतच राहते. मग कोणी जाणकार सांगतो की, विंडोज २० टक्के वेग स्वतःसाठी राखून ठेवते. सेटिंगमध्ये तो आकडा शून्य करा. विंडोज एक्सपीच्या काळापासून हा समज चालत आला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वेळी मूळ साधन पाहावे. मायक्रोसॉफ्टनेच खुलासा केला आहे की, एखाद्या प्रोग्रॅमने अग्रक्रम मागितला तरच ती तरतूद लागू होते; एरवी संपूर्ण वेग सर्वांना खुला असतो. ‘राखीव’ म्हणजे इतरांचे हिरावलेले, हा गैरसमज आपल्या समाजाला काही नवा नाही!

वेग बिटमध्ये सांगतात, डाउनलोड मात्र बाइटमध्ये दिसते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसवर सेकंदाला सुमारे १२.५ एमबीच उतरणार.

खरी परीक्षा केबलची. संगणक राउटरला केबलने जोडून वेग मोजावा. केबलवर वेग पुरेसा आणि वायफायवर अपुरा असेल, तर दोष घरातच आहे. सोलापुरातील जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती लहरी अडवतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे दुबळा, २.४ चा दूर पोहोचतो, परंतु त्यावर शेजाऱ्यांची गर्दी असते. तेथे राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल निवडावे. राउटर कपाटात न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा.

संगणकात पाहण्याजोगे थोडेच आहे. विंडोजच्या ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये इंटरनेटवरील इतर संगणकांना अपडेट पुरवण्याची मुभा चालू असल्यास बंद करावी. डीएनएस बदलल्याने पान उघडण्यास किंचित लवकर सुरुवात होते. डाउनलोडचा वेग वाढत नाही. केबलवरही वेग कमीच असेल, तर मोजणीचे आकडे वेळेसह लिहून ठेवून सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

२००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणत. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. अर्जाला एवढा वेगही बहुधा पुरतो. १०० एमबीपीएसवर इतर पाने झटपट उघडतात आणि अर्जच अडतो, तेव्हा गर्दी पलीकडच्या सर्व्हरवर असते. तिथे घरची कोणतीही सेटिंग उपयोगाची नाही. अर्ज मुदतीच्या आठवडाभर आधी, पहाटे भरावा.