मोर्चानंतरचं काम

मोर्चा आझाद मैदानातच थांबवला जातो. पुढे विधान भवनापर्यंत जातं ते फक्त शिष्टमंडळ: पाच-सात माणसं, एक निवेदन आणि त्याच्या भरपूर झेरॉक्स प्रती. लालबाग-परळहून, साताऱ्या-कोल्हापूरहून, कोकणातून आलेले सत्तरी ओलांडलेले गिरणी कामगार, कामगारांच्या विधवा, त्यांची मुलं-सुना मैदानातच बसून राहतात. घोषणा, भाषणं चालू असतात. वर्तमानपत्रात फोटो येतो तो याच गर्दीचा. घरासाठी सरकारशी भांडण्याचं किचकट काम मात्र शिष्टमंडळाच्या पिशवीतल्या कागदांवर चालतं.

हे शहाणपण महागात पडून आलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. मॉडर्न मिलमधले दत्ता इस्वलकर यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली, तेव्हा मागणी होती गिरण्या सुरू करण्याची. घराचा मुद्दा पुढे आला तो जमिनीमुळे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे पडत होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटे पडणार ते फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचे. ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या, ती हिशेबाबाहेर गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या दुरुस्तीचा अर्थ म्हाडा आणि महापालिकेच्या बाजूने लावला, तर मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या. ना लाठी, ना गोळी. नियमातल्या एका व्याख्येने गिरणगावाचा मोठा तुकडा हातचा गेला.

तेव्हापासून, साच्यावर आयुष्य काढलेली ही माणसं शासन निर्णय ओळ न् ओळ वाचतात.

आमदाराकडे काय मागायचं, हेही त्यांना नेमकं ठाऊक असतं. नुसता ‘पाठिंबा’ उपयोगाचा नाही. तारांकित प्रश्न हवा किंवा लक्षवेधी सूचना हवी, आणि तिचा मसुदा शक्यतो आपणच लिहून द्यायचा, कारण आमदाराकडे शंभर विषय असतात आणि तयार कागद पुढे सरकतो. प्रश्नासाठी अधिवेशनाच्या बऱ्याच आधी धावपळ करावी लागते. हिवाळी अधिवेशन नागपूरला, म्हणजे तिथला प्रवासखर्च वेगळाच. एवढा आटापिटा कशासाठी? मंत्र्याने दालनात चहा पाजून दिलेला शब्द दालनातच राहतो. सभागृहात दिलेलं आश्वासन कामकाजात नोंदवलं जातं आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. दालनात बैठक झालीच, तर मुरलेला कार्यकर्ता पुष्पगुच्छाच्या फोटोसाठी रेंगाळत नाही. इतिवृत्त कधी मिळणार, ते विचारतो. निवेदनाच्या प्रतीवर आवक शिक्का पडल्याशिवाय तर तो कार्यालयाची पायरी उतरत नाही.

दुसरी आघाडी घरच्या पेटीत असते. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या सेवेत असल्याचा पुरावा हवा. तिकीट नंबर, लाल पास, ईएसआयचं कार्ड, फंडाचा कागद, जे सापडेल ते. गिरणीच राहिली नाही, तिथे हजेरीपट कुठून आणायचा? कामगार वारला असेल, तर वारसाच्या कागदांची भर पडते. पात्रतेच्या अटी थोड्या सैल करून घेणं हीसुद्धा सरकारदरबारची लढाईच, पण तिच्यावर कोणी अग्रलेख लिहीत नाही.

पदरात काय पडलं? २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं, २२५ चौरस फुटांची, साडेसात लाखांना. २०१६ मध्ये २,६३४, त्याच वर्षी पनवेलजवळ कोन इथे २,४१७ आणि २०२० मध्ये ३,८९४. बेरीज १५,८७०. अर्ज सुमारे पावणेदोन लाख. त्यातही सोडत लागली म्हणजे चावी मिळाली, असं नाही. कोनच्या इमारती करोनाकाळात विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, मग दुरुस्ती निघाली आणि विजेते वर्षानुवर्षं ताटकळले.

मग शेलू आणि वांगणीचा प्रस्ताव आला. ८१ हजार घरं, पण मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवर. साडेनऊ लाख कामगाराने भरायचे. काहींना ते पटलं. कर्ज काढायचं वयच उरलं नसताना हे पैसे कुठून आणायचे, असं अनेकांनी विचारलं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातलं कलम १७ तर नीट वाचणाऱ्यांच्याच नजरेत भरलं: इथलं घर नाकारणाऱ्याचा हक्कच संपण्याची तरतूद त्यात होती. ९ जुलै २०२५ ला पावसाळी अधिवेशन चालू असताना कामगार पुन्हा आझाद मैदानावर जमले. मागण्या दोन ठळक: कलम १७ काढा, घरं मुंबईतच द्या.

मुंबईत जागा आहे कुठे, या ठरलेल्या सरकारी प्रश्नाला संघटनांकडे उत्तर असतं. टाटा, पोदार यांसारख्या गिरण्यांच्या जमिनींकडे त्या बोट दाखवतात. या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या आणि महामंडळ केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली. म्हणजे मंत्रालयाच्या खेपा आहेतच. शिवाय एक प्रत खासदाराला आणि एक दिल्लीला.