आवाजाला वाट कोण देतं?

मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात १९७५ सालचा ‘शोले’ पाच वर्षं चालला. पडद्यावर नाणं उडून खाली पडलं की प्रेक्षक खुर्चीखाली वाकून पाहत, असं आजही सांगतात. ही किमया ७० मि.मी. फिल्मवरच्या सहा ध्वनिपट्ट्यांची. या पद्धतीत पाच पट्ट्या पडद्यामागच्या स्पीकरना जात, सहावी प्रेक्षागृहाभोवतीच्या स्पीकरना. म्हणजे नाणं कुठे वाजलं, हे ठरलं होतं ते कुठला आवाज कुठल्या पट्टीवर टाकला यावरून!

आज हेच काम वर्धा, हिंगणघाट, आर्वीतला कुणीही तरुण लॅपटॉपवर करू शकतो. मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गायक, ढोलकी, पेटी यांचे ट्रॅक वेगवेगळे असतात. ते आधी ‘बस’ नावाच्या सामायिक वाटेवर एकत्र येतात आणि बस लॅपटॉपचा आवाज बाहेर नेणाऱ्या ऑडिओ इंटरफेसच्या ठरावीक आउटपुटला जोडली जाते, कालव्याचं पाणी चारी काढून वावरात न्यावं, तसं. ‘रीपर’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर यासाठी चौकटींचा तक्ताच आहे. आडवं-उभं पाहून चौकटीवर क्लिक केलं की आवाज त्या वाटेला लागतो. ऑर्केस्ट्रात याचा मोठा उपयोग होतो. आउटपुट १-२ मधून श्रोत्यांना गाणं आणि ३ मधून फक्त ड्रमरच्या कानात तालाची टिकटिक. समोर बसलेल्या हजार माणसांना तिचा पत्ताही लागत नाही.

मात्र क्रम चुकला की सगळा खेळ बिघडतो. ५.१ ध्वनीचे सहा चॅनेल मांडायच्या दोन रीती रूढ आहेत. सिनेमाच्या रीतीत डावा, मधला, उजवा, मग मागचे दोन आणि शेवटी सबवूफर. दुसऱ्या रीतीत डावा, उजवा, मधला, सबवूफर आणि मग मागचे दोन. पहिल्या रीतीची फाइल दुसऱ्या रीतीने वाजवली, तर नायिकेचे संवाद उजव्या कोपऱ्यातून येतात आणि डावीकडे मागे असलेला पाखरांचा चिवचिवाट सबवूफरमध्ये जातो. सबवूफर साधारण १२० हर्ट्झच्या खालचाच आवाज काढतो, त्यामुळे पाखरं ऐकूच येत नाहीत.

याहून नवलाची गोष्ट गावच्या मंडपातही घडते. मोबाइलची दोन काळ्या पट्ट्यांची पिन थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली की संगीत वाजतं, पण गायक गायब! ते इनपुट पिनेवरच्या दोन सिग्नलमधला फरक तेवढा उचलतं. एरवी त्यामुळे केबलमधली खरखर कटते. इथे मात्र त्या दोन सिग्नलच्या जागी डावा आणि उजवा आवाज असतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच, म्हणून वजाबाकीत तो शून्य होतो. मशीन बिघडलेलं नसतं. डावा-उजवा वेगळा करणारी वायर घेऊन दोन चॅनेलना जोडली की गायक परत येतो.

सिनेमागृहांसाठी २०१२ साली आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉस या ध्वनिपद्धतीत एकाच वेळी १२८ पर्यंत ध्वनी आणि ६४ पर्यंत स्वतंत्र स्पीकर-आउटपुट हाताळता येतात. तिथे पट्टी नेमण्याऐवजी आवाजाची जागाच नोंदवतात आणि कोणत्या स्पीकरने तो वाजवायचा, हे त्या-त्या सभागृहातलं यंत्र ठरवतं.

मंडपात मात्र आवाजाची वाट आपणच ठरवायची असते, म्हणून साउंडवाल्या मित्रांना एक विनंती. कार्यक्रमाआधी स्वतःच्याच आवाजात ‘डावा’, ‘उजवा’, ‘मधला’ असं रेकॉर्ड करा, एकेका आउटपुटला पाठवा आणि त्या-त्या स्पीकरसमोर जाऊन ऐका. पाच मिनिटांचं काम आहे. श्रोते जमण्याआधी ते उरकून घ्या.