पाहुण्यांसाठी वाय-फायची ओसरी

जुन्या मराठी घरात ओसरी आणि माजघर वेगळे असे. आल्यागेल्याचे स्वागत ओसरीवर होई. माजघरातील कपाटाच्या किल्ल्या कोणी त्याच्या हाती देत नसे. त्यात पाहुण्याचा अवमान आहे असे कोणास वाटत नसे. घरातील वाय-फायच्या बाबतीत आज हाच विवेक राखणे अगत्याचे झाले आहे.

पुण्यातील बिबवेवाडीसारख्या दाट वस्तीत राउटरच्या लहरी भिंत ओलांडून जिन्यात व शेजारच्या सदनिकेतही पोहोचतात. गणेशोत्सवास गावाकडील आप्त आले की चहाबरोबर वाय-फायचा परवलीचा शब्दही मागितला जातो. एकदा दिलेला शब्द पाहुण्याच्या फोनमध्ये साठून राहतो व तेथून तिसऱ्याकडे सहज जातो. शिवाय पाहुण्याच्या फोनमध्ये त्याच्या नकळत एखादा घातक प्रोग्राम असल्यास, त्याच जाळ्यावरील घरच्या संगणकासही त्याचा उपसर्ग होऊ शकतो.

निष्काळजीपणा किती महाग पडतो, हे २००८ साली महाराष्ट्राने पाहिले. २६ जुलै रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे धमकीचा एक ई-मेल पाठविण्यात आला होता. त्याचा माग नवी मुंबईत सानपाडा येथील एका घराच्या वाय-फायपर्यंत पोहोचला. ते जाळे परक्यानेच वापरले होते. परंतु चौकशीस सामोरे जावे लागले ते घरातील रहिवाशास. कारण उघड आहे. इंटरनेटवर नोंद राहते ती जोडणीची. ती कोणी वापरली याची नव्हे.

यावर उपाय सोपा आहे. बहुतेक नव्या राउटरांत 'गेस्ट नेटवर्क' नावाची सोय असते. ती सुरू केल्यास पाहुण्यास इंटरनेट मिळते, पण घरचा संगणक व प्रिंटर यांपासून त्याचा फोन अलग राहतो. मात्र स्थानिक उपकरणांपर्यंत पोहोचण्याची मुभा बंद आहे, याची खात्री करून घ्यावी. ही ओसरीही उघडी टाकू नये, कारण तिच्यावरील वापराची नोंदही घरमालकाच्याच जोडणीवर होते. तिला किमान बारा अक्षरांचा स्वतंत्र परवलीचा शब्द ठेवावा व पाहुणे परतल्यावर तो बदलावा किंवा ती सोय बंद करावी. संरक्षणाची पद्धत डब्ल्यूपीए-३ अथवा डब्ल्यूपीए-२ निवडावी; डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ सालीच भेद्य ठरली आहे. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ शब्दही बदलावा. राउटरात गेस्ट नेटवर्कची सोय नसेल, तर पाहुणे गेल्यावर मुख्य शब्दच बदलावा.

शाळेतही हाच नियम पाळावा. पालक व अभ्यागत यांची जोडणी निराळी असावी. विद्यार्थ्यांच्या नोंदी असलेला संगणक त्या जाळ्यावर नसावा. शिक्षकांनी हा विषय पालकसभेत ओसरी-माजघराच्या दाखल्याने समजावून द्यावा. आतिथ्य आणि सावधगिरी यांत विरोध नाही, हे त्यावरून सर्वांस सहज पटेल.