कच्चा माल कोणाकडून घ्यावा? नमुना, पोतं आणि विश्वास



आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा आणि कच्च्या मालाच्या खरेदीचा संबंध काय? संबंध आहे. पुरवठादार निवडणं म्हणजे न पाहिलेल्या मालाबद्दल दुसऱ्याच्या शब्दावर किती भिस्त ठेवायची हे ठरवणं. या प्रश्नावर आपल्याकडच्या नैयायिकांनी शेकडो वर्षं डोकं चालवलं आहे. त्यांचं काही आपल्या कामी येतं का, एवढंच आज बघू.

आधी शब्द समजून घेऊ. बायोपॉलिमर म्हणजे सजीवांच्या शरीरात तयार झालेली लहान रेणूंची लांबलचक साखळी. नाव नवं वाटलं तरी वस्तू आपल्या घरातली आहे. पऱ्हाटीच्या बोंडातला कापूस म्हणजे सेल्युलोज. मक्याच्या दाण्यातला स्टार्च हा दुसरा बायोपॉलिमर. आणि तिसरा, ज्याच्याबद्दल मी आज बोलणार आहे, तो कोळंबी-खेकड्याच्या कवचातला कायटिन. 1811 मध्ये हेन्री ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला तो पहिल्यांदा सापडला, तोही समुद्रात नाही, तर अळंब्यांमध्ये. या कायटिनवर तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. कायटोसान सौम्य आम्लात विरघळतं आणि वाळलं की त्याचा पातळ पापुद्रा होतो. काही बुरशींना ते आवर घालतं, असं प्रयोगांत दिसलेलं आहे.

आता समजा, आपल्या जिल्ह्यातल्या चार तरुणांनी ठरवलं, की सोयाबीनच्या बियाण्यावर चढवायचा कायटोसानचा लेप तयार करायचा. कल्पना चांगली आहे. विक्रीच्या परवानगीचा विषय वेगळा, तो आज बाजूला ठेवू. अडचण पहिल्याच पायरीवर येते. बुलढाण्याला समुद्र नाही. लोणारचं पाणी खारं असलं तरी त्यात कोळंबी नाही! माल येणार केरळ, आंध्र, गुजरात किंवा आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरून. म्हणजे पुरवठादार अनोळखी आणि कारखाना शेकडो किलोमीटर दूर. हातात काय येतं? 100 ग्रॅम पांढरट भुकटी आणि एक छापील कागद.

चूक झाली तर काय होईल, त्याचा हिशेब मांडू. अर्ध्या टक्क्याचं द्रावण धरलं, तर 1 किलो भुकटीपासून 200 लिटर द्रावण होतं. किलोभर बियाण्याला 10 मिलिलिटर लागतं असं माना. म्हणजे 20,000 किलो बियाणं. हेक्टरी 75 किलो पेरलं, तर साधारण 266 हेक्टर. एक किलो भुकटी एवढ्या जमिनीला शिवते. बियाणं उगवलं नाही तर दुबार पेरणी, आणि तोवर पावसाची वेळ निघून गेलेली. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून महाराष्ट्रभर तक्रारी झाल्या, त्या तुम्ही विसरला नसाल. चार तरुणांचा एक खरेदीचा कागद चुकला, तर त्याची किंमत असा कोणीतरी मोजणार, ज्याने तो कागद कधी पाहिलेलाही नाही.

म्हणून विचारायचं, की आपल्याला कळतं ते कशावरून कळतं? न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांतली तीन इथे हवीत. नमुना आपण स्वतः तपासतो, ते प्रत्यक्ष. नमुना चांगला म्हणून पुढचं पोतंही चांगलं असेल असं म्हणतो, ते अनुमान. आणि पुरवठादाराचं तपासणीपत्र हे शब्दप्रमाण.

प्रत्यक्षाबद्दल आपल्या शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. तो 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो, आठवडाभराने मोड मोजतो आणि 70 किंवा त्याहून जास्त असतील तर पेरतो. कायटोसानचंही असंच करावं. भुकटी 1 टक्का ॲसेटिक आम्लात टाकून बघा. पूर्ण विरघळते, की तळाशी गाळ राहतो? द्रावण किती दाट होतं? जाळल्यावर राख किती उरते? आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेप दिलेले 100 दाणे आणि न दिलेले 100 दाणे शेजारी शेजारी ठेवा. एवढ्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

पण गोची पुढे आहे. प्रत्यक्ष फक्त समोरच्या वस्तूबद्दल सांगतं. तपासलेला नमुना संपला, की त्याची साक्षही संपली. पुढच्या पोत्याबद्दल बोलायचं तर अनुमान करावं लागतं, आणि नैयायिक इथेच सावध करतात. त्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद गोळा बघा, अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का दिसतो? लाकूड ओलं असतं म्हणून. या लपलेल्या अटीला त्यांनी नाव दिलं ‘उपाधी’. अट दिसली नाही की अनुमान फसतं.

नमुना चांगला, म्हणून पोतं चांगलं, या अनुमानातली उपाधी कोणती? कायटोसान कसं बनतं ते पाहिलं की कळतं. कवचातला चुना काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल. प्रथिनं काढायला सौम्य कॉस्टिक सोडा. मग 40 ते 50 टक्के तीव्रतेच्या गरम कॉस्टिकमध्ये ते ठेवायचं, म्हणजे साखळीवरचे ॲसेटिल गट निघतात. किती निघाले, त्याला डीॲसेटिलेशनचं प्रमाण म्हणतात. बाजारातल्या मालात ते बहुधा 75 ते 95 टक्के असतं. पण कॉस्टिकमध्ये जास्त वेळ ठेवलं तर साखळी तुटते आणि द्रावण पातळ होतं. म्हणजे कागदावर दोन्ही मालांचं प्रमाण 85 टक्केच, पण एकाचं द्रावण पाण्यासारखं आणि दुसऱ्याचं काकवीसारखं, असं होऊ शकतं. यात भर कोळंबीच्या जातीची. कवच ताजं होतं की उन्हात पडलेलं, त्याची. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात काही काळ यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा कवच कुठून आणलं, त्याची. ही सगळी ओली लाकडं आहेत.

म्हणून पुरवठादाराला ‘माल चांगला आहे ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. विचारा, ‘कोणत्या गोष्टी बदलल्या तर तुमचा माल बदलतो? आणि त्या बदलल्या तर आम्हाला आधी कळवाल का?’ 85 टक्के लिहिलं असेल तर विचारा, कोणत्या पद्धतीने मोजलं? अनुमापनाने, इन्फ्रारेडने की एनएमआरने? पद्धत बदलली की आकडाही थोडा हलतो. तपासणीपत्र याच घाणीचं आहे, की मागच्या वर्षीचं एकच पत्र सगळ्यांना देतात? एका नमुन्याऐवजी वेगवेगळ्या महिन्यांतल्या तीन घाणींचे नमुने मागा, त्यातला एक पावसाळ्यातला. तिन्हींत फरक किती, ते बघा. सर्वांत सुंदर नमुन्यापेक्षा सर्वांत कमी फरक महत्त्वाचा.

आता तिसरं प्रमाण, शब्द. न्यायात आप्ताचा शब्द प्रमाण मानतात. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक, आणि आपण खरेदीही पुष्कळदा तशीच करतो. मेहुण्याच्या ओळखीचा आहे, गाववाला आहे. वात्स्यायनाने न्यायभाष्यात केलेली व्याख्या वेगळी आहे. ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो, की ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, हे लक्षण सर्वांना सारखंच लागू. बघा, नातं नाही, जात नाही, मोठं नावही नाही. दोनच कसोट्या, जाणतेपण आणि खरेपण.

जाणतेपणाची कसोटी सोपी आहे. हा माणूस स्वतः माल बनवतो, की दुसऱ्याचा घेऊन पिशवी बदलतो? व्यापाऱ्याकडून घेण्यात गैर काही नाही, पण मग मूळ कारखाना कोणता ते त्याने सांगितलं पाहिजे. खरेपणाची कसोटी वेळ घेते. तुमचं काम ऐकून जो म्हणतो, ‘आमचा हा माल सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी आहे, बियाण्याला चालेल की नाही ते आम्ही तपासलेलं नाही’, त्याच्याकडे पुन्हा जा. त्याने तुम्हाला नकार दिला असला, तरी खरी माहिती दिली आहे.

पण मंडळी, खरेपण एकट्याच्या सद्गुणावर सोडून चालत नाही. हे आपल्या जिल्ह्याला जुनं ठाऊक आहे. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला एकदम मागणी आली. भाव चढले तशी कापसात पाणी, माती, सरकी मिसळण्याची भेसळ मुंबई बाजारात एवढी गाजली, की 1863 मध्ये मुंबई इलाख्यात कापसाच्या फसवणुकीविरुद्ध कायदा करावा लागला. 1870 मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि खामगावची कापूसपेठ आणखी मोठी झाली. त्या पेठेत विश्वास होताच, पण गाठ फोडून रुई बोटांत ओढून बघणारा पारखीही होता. पारख असली म्हणजे विश्वास कमी झाला असं नाही. दोघे एकमेकांना धरून राहतात.

म्हणून लेखी करार करा. कोणत्या मर्यादेत माल स्वीकारणार, बाहेर गेला तर परत कोण नेणार, प्रक्रिया बदलली तर किती दिवस आधी कळवणार. प्रत्येक घाणीतला थोडा माल बाटलीत बंद करून, तारीख घालून जपून ठेवा. उद्या वाद झाला तर ती बाटली साक्षीदार. आणि दुसरा एक पुरवठादार आधीच तपासून ठेवा, मग वापरा न वापरा.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे. ‘सर, एवढं सगळं केलं तर माल महाग पडतो. लहान उद्योगाने काय करावं?’ प्रश्न रास्त आहे. मघाचा हिशेब पुन्हा बघा. किलोमागे वाचलेले पैसे 266 हेक्टरांवर वाटा, हेक्टरी वाटणी अगदी किरकोळ निघेल. एका हेक्टरची दुबार पेरणी किती रुपयांची, ते मात्र इथे बसलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. सगळ्या चाचण्या परवडत नसतील तर दोन सोडू नका, विरघळण्याची आणि 100 दाण्यांची. त्या प्रत्येक नव्या पोत्याला करा. पहिल्या पोत्याला तर सगळेच करतात, पण माल बहुधा सातव्या-आठव्या पोत्याला बदलतो, तेव्हा आपण निर्धास्त झालेले असतो.

वेळ झाली आहे. थांबतो.