माजाची पारख व गाभणपणाची खात्री

दुधाच्या धंद्यातील पुष्कळसा तोटा नजरेतून सुटलेल्या माजामुळे होतो. गाय अगर म्हैस साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला म्हणजे पुढील वेत तितकेच लांबते. वैरणीचा व खुराकाचा खर्च मात्र चालूच राहतो.

माजावर आलेली गाय अस्वस्थ होते, वारंवार हंबरते, थोडे थोडे मूतते व दूध कमी देते. निरण सुजून लालसर होते व तीतून काचेसारखा स्वच्छ, चिकट बळस लोंबतो. दुसरे जनावर अंगावर चढले असता ती स्थिर उभी राहते; ही सर्वांत भरवशाची खूण होय. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, विशेषतः उन्हाळ्यात. म्हणून तिच्याकडे रात्री व पहाटे अवश्य लक्ष द्यावे.

माज दिसताच स्त्रीबीज सुटते, ही समजूत बरोबर नाही. गाईचा माज १२ ते १८ तास टिकतो आणि तो संपल्यावर सुमारे १० ते १२ तासांनी बीज सुटते. ते थोडेच तास फलनक्षम राहते. यास्तव सकाळी माज दिसल्यास सायंकाळी, व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करवावे. गाईच्या शेपटीस रक्ताळलेला बळस लागलेला दिसल्यास माज एक-दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला असे बहुधा समजावे, आणि पुढील माजावर नजर ठेवावी.

रेतनानंतर १८ व्या ते २४ व्या दिवसापर्यंत जनावर पुन्हा पारखावे. ते उलटले नाही तर गाभण असण्याचा संभव असतो. परंतु ही खात्री नव्हे. मुका माज नजरेतून सुटलेला असू शकतो. उलटपक्षी एखादी गाभण गायही क्वचित माजाची लक्षणे दाखवते. तिला पुन्हा रेतन केल्यास गर्भ पडण्याचा धोका असतो. म्हणून आधीच्या रेतनाची तारीख पशुवैद्यकास न चुकता सांगावी. अल्ट्रासाउंड यंत्राची सोय असल्यास सुमारे ३० दिवसांनी निदान होते. एरवी दोन ते अडीच महिन्यांनी पशुवैद्यकाकडून हाताने तपासणी करवून घ्यावी. अननुभवी माणसास हात घालू देऊ नये, कारण कोवळ्या गर्भास इजा पोहोचते.

शेतकरी बंधूंनी गोठ्यात एक वही ठेवून माज, रेतन व तपासणी यांच्या तारखा तीत लिहाव्यात. रेतनापासून गाईस सुमारे २८० व म्हशीस सुमारे ३१० दिवस मोजले म्हणजे विण्याचा अंदाज येतो, आणि त्यापूर्वी दोन महिने दूध आटवून जनावरास विसावा देता येतो.