घरगुती ऊबपेटी
कोंबडीची व लाव्याची पिल्ले आईविना कशी वाढवावीत

अंड्यातून बाहेर पडलेले कोंबडीचे पिल्लू काही तासांतच चालू लागते, दाणा टिपते आणि पाण्यात चोच बुडविते. चिमणीच्या वा कबुतराच्या आंधळ्या, उघड्या पिलाशी तुलना केली तर ते अगदी स्वावलंबी वाटते. परंतु एका बाबतीत ते सर्वस्वी परावलंबी असते. स्वतःच्या शरीराची ऊब टिकविणे त्याला साधत नाही. प्रौढ कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. नवजात पिलाचे तापमान त्याहून एक-दोन अंशांनी कमी असते आणि भोवतालची हवा गार झाली की ते आणखी खाली येते. त्याच्या अंगावर पिसे नसून केवळ मऊ लव असते. खरी पिसे फुटून शरीर स्वतःची ऊब सांभाळू लागेपर्यंत साधारणपणे तीन आठवडे लोटतात. या तीन आठवड्यांतच पिल्ले जगतात किंवा दगावतात.

खेड्यात हे काम खुडूक कोंबडी करते. दहा-बारा पिल्ले पंखांखाली घेऊन ती बसते, पिलांना हवे तेव्हा ती बाहेर येतात आणि गारठली की पुन्हा आत शिरतात. परंतु उबवणी केंद्रातून आणलेल्या पिलांना आई नसते. तिच्या जागी जे साधन वापरतात त्यास इंग्रजीत ब्रूडर म्हणतात. आपण त्यास ऊबपेटी म्हणू. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा ‘कृत्रिम आई’चे वर्णन केले आहे. त्याने पेटीला आतून लोकरीचे कातडे लावले होते आणि उष्णतेसाठी कुजणाऱ्या शेणखताचा उपयोग केला होता. साधने बदलली, तरी तत्त्व तेच आहे. पिलाला एक उबदार जागा द्यावयाची आणि तिच्याजवळच एक गार जागाही द्यावयाची. कोठे बसावे हे पिल्लू स्वतःच ठरविते.

गाझियाबादचे उदाहरण

या पुस्तिकेत आपण उदाहरणादाखल गाझियाबाद हे शहर घेऊ. दिल्लीला लागून, हिंडण नदीच्या काठी वसलेल्या या शहरात ऊबपेटीची दोन्ही अंगांनी परीक्षा होते. जानेवारीत रात्रीचे तापमान सात-आठ अंशांवर येते आणि थंडीची लाट आली की चार अंशांच्याही खाली जाते. मे-जून महिन्यांत तेच दुपारी ४० अंशांच्या पुढे चढते. जी पेटी येथे नीट चालेल ती नागपूरच्या उन्हाळ्यात आणि नाशिकच्या हिवाळ्यातही चालेल. शिवाय जपानी लाव्याच्या पालनाचे भारतातील मूळ केंद्र याच राज्यात आहे. हा पक्षी १९७४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियाहून बरेलीनजीक इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत आणला गेला. १९७९ साली तेथेच केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली आणि लाव्याचे पालन देशभर पसरले. उत्तर भारतात या पक्ष्यास बटेर म्हणतात.

एका दिवसाची पिल्ले लांबचा प्रवास सहन करू शकतात, त्याचे कारण निसर्गाने केलेली एक तरतूद होय. अंडे फोडण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरते. परंतु ही शिदोरी केवळ अन्नाची आहे, उबेची नव्हे. म्हणून पिल्ले घरी पोहोचण्यापूर्वी, शक्य तर चोवीस तास अगोदर, पेटी तयार करून तापवून ठेवावी. पिल्ले आल्यावर खिळे व वायर शोधू लागणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

लहान पिलाला थंडी अधिक का बाधते?

कोंबडीचे नवजात पिल्लू सुमारे ४० ग्रॅम वजनाचे असते. लाव्याचे सुमारे ८ ग्रॅम. म्हणजे पहिले दुसऱ्याच्या पाचपट आहे. उष्णता शरीराच्या आत निर्माण होते आणि त्वचेच्या पृष्ठभागातून बाहेर जाते. वजन पाचपट झाले तरी पृष्ठभाग पाचपट होत नाही, तो सुमारे तिपटीच्याच जवळ जातो. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, दर ग्रॅम वजनामागे लाव्याच्या पिलाची त्वचा कोंबडीच्या पिलाच्या सुमारे पावणेदोनपट असते, आणि त्याच प्रमाणात ते लवकर गारठते. वाटीतील चहा घागरीतील पाण्यापेक्षा लवकर निवतो त्याचे कारणही हेच.

म्हणून कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान द्यावे आणि पुढे दर आठवड्यास तीन अंशांनी उतरवीत, २१ अंशांच्या सुमारास कृत्रिम ऊब थांबवावी. लाव्याच्या पिलांना आरंभीचे दिवस ३७ ते ३८ अंश लागतात. परंतु ती झपाट्याने वाढत असल्याने तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, हवामान पाहून, त्यांची ऊब बंद करता येते. हे तापमान पेटीच्या तळापासून सुमारे पाच सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे पिलाच्या पाठीच्या पातळीवर मोजावयाचे असते. भिंतीवर टांगलेला तापमापक येथे उपयोगी नाही.

पेटीची बांधणी

पंचवीस कोंबडीच्या पिलांसाठी ९० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि सुमारे ६० सेंटिमीटर उंच अशी पेटी पहिले दोन आठवडे पुरते. पुढे जागा दुप्पट करावी लागते. प्लायवूड उत्तम, परंतु फळांच्या पेट्यांच्या फळ्या जोडूनही काम भागते. फळ्यांमधील फटी कागदाने बुजवाव्यात, कारण तळाजवळून येणारा गार झोत पिलांना सर्वाधिक घातक असतो. हवा खेळण्यासाठी दोन्ही आखूड बाजूंना, वरच्या काठाजवळ, रुपयाएवढी चार-पाच छिद्रे पाडावीत. झाकणाचा अर्धा भाग फळीचा व अर्धा तारेच्या जाळीचा करावा. फळीखालचा भाग उबदार राहतो व जाळीखालचा गार. पेटी लांबट ठेवण्याचे कारणही हेच: चौकोनी पेटीत पिलाला उष्णतेपासून दूर जाण्यास वाव उरत नाही.

तळाशी पाच सेंटिमीटर जाडीची गादी अंथरावी. त्यासाठी भाताचे तूस किंवा भुईमुगाची बारीक केलेली टरफले वापरावीत. लाकडाचा भुसा पिल्ले अन्न समजून खातात, म्हणून पहिले तीन-चार दिवस गादीवर कागद पसरावा. मात्र तो गुळगुळीत नसावा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिलांचे पाय घसरून फाकतात आणि ती कायमची पांगळी होऊ शकतात. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा किंवा गोणपाट यांवर पाय नीट रोवला जातो.

उष्णतेसाठी तारेचा जुन्या पद्धतीचा दिवा घ्यावा. हा दिवा विजेचा फार थोडा अंश प्रकाशात रूपांतरित करतो, बाकी सारी उष्णता होते. घरात प्रकाशासाठी वापरताना हा दोष ठरतो. पेटीत तोच गुण होय. नव्या एल. ई. डी. दिव्याने हे काम होत नाही. नऊ वॉटचा असा दिवा जुन्या साठ वॉटच्या दिव्याइतका प्रकाश देतो, परंतु उष्णता मात्र नऊ वॉटहून अधिक देऊ शकत नाही. उजेड पाहून पेटी उबदार आहे असे समजणाऱ्याची येथे फसगत होते.

सर्वसाधारण नियम असा की दर पिलामागे दोन वॉट धरावेत. या हिशेबाने पंचवीस पिलांना पन्नास वॉट पुरेत. पण गाझियाबादच्या जानेवारीत साठ वॉटचे दोन दिवे लावणेच शहाणपणाचे. एक दिवा मध्यरात्री जळाला तरी दुसरा पिलांना सकाळपर्यंत जगवितो. दिवे गादीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर उंच असावेत आणि त्यांच्याभोवती तारेची जाळी असावी. ते विजेच्या वायरीवर कधीही लोंबकळत ठेवू नयेत. साखळीने किंवा जाड तारेने बांधावेत. दिवा कोरड्या तुसावर पडला तर केवळ पेटीच नव्हे, घरही पेटेल. वायरीची जोडणी जाणत्या माणसाकडून करून घ्यावी. ऊब कमीजास्त करावयाची असल्यास दिवा वरखाली करावा.

पिल्ले काय सांगतात

तापमापक आवश्यक आहेच. परंतु त्याहून विश्वासू साक्षीदार म्हणजे स्वतः पिल्ले. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून घोळका करीत असतील व तारस्वरात ओरडत असतील, तर त्यांना थंडी वाजत आहे. दिव्यापासून दूर जाऊन, पंख सैल सोडून, चोच उघडून धापा टाकीत असतील, तर उष्णता अधिक झाली आहे. सगळी एकाच कोपऱ्यात दाटली असतील, तर दुसरीकडून वाऱ्याचा झोत येत आहे. पेटीभर सारखी पसरून काही खात, काही निजत आणि मधूनच मंद चिवचिव करीत असतील, तर सारे ठीक आहे. यांपैकी पहिल्या स्थितीत तातडीने उपाय करावा. गारठ्याने घोळका झाला म्हणजे खालची पिल्ले थंडीने नव्हे, तर वरच्यांच्या भाराने गुदमरून मरतात, आणि हे बहुधा पहाटे कोणी पाहत नसताना घडते.

वीज गेल्यास

हिवाळ्यात रात्री वीज गेली की पेटी थोड्याच वेळात निवू लागते. अशा वेळी गरम पाणी हा उत्तम सोबती होय. पाच लिटर पाणी ७० अंशांवरून ४० अंशांपर्यंत निवताना सुमारे ६३० किलोज्यूल उष्णता देते. साठ वॉटच्या दिव्याला तेवढी उष्णता देण्यास जवळजवळ तीन तास लागतात. म्हणून घट्ट झाकणाचा एक डबा गरम पाण्याने भरावा, त्यास गोणपाट गुंडाळावे आणि तो पेटीच्या उबदार भागात ठेवावा. झाकणाच्या जाळीवर कांबळे टाकावे. मात्र बाजूंची छिद्रे उघडी ठेवावीत.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन विषारी वायू निघतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात या अंगीठीने झोपेतच माणसे दगावतात. पिल्ले वाचविताना घरातील माणसे धोक्यात घालावयाची नसतात.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. दुपारी खोलीचे तापमानच ४० अंश असेल तर दिवा विझवावा, पेटी सावलीत वाहत्या हवेच्या जागी हलवावी आणि पाणी वारंवार बदलावे. पहाटे मात्र पुन्हा तापमान पाहावे.

पाणी, दाणा व स्वच्छता

पिल्ले पेटीत सोडताना प्रथम पाणी द्यावे. दोन-चार पिलांची चोच हळूच पाण्याला लावली की बाकीची पाहून शिकतात. पहिल्या दिवशी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरावा. त्यानंतर पिलांचे तयार खाद्य द्यावे. त्यात कोंबडीच्या पिलांसाठी सुमारे २० ते २२ टक्के आणि लाव्यासाठी २४ टक्क्यांहून अधिक प्रथिने असावीत. पाण्याचे भांडे दिव्याखाली ठेवू नये.

लाव्याच्या पिलांसाठी तीन गोष्टी अधिक कराव्यात. ती उथळ बशीतही बुडून मरतात, म्हणून पाण्यात गोट्या किंवा खडे टाकावेत. जाळीची छिद्रे सहा मिलिमीटरहून मोठी नसावीत, नाहीतर पिल्ले त्यांतून निसटतात. आणि झाकण कधीही उघडे टाकू नये, कारण दुसऱ्या आठवड्यातच ती उसळी मारून उडू लागतात. सांगितलेल्या मापाच्या पेटीत अशी सुमारे पस्तीस पिल्ले दोन आठवडे राहू शकतात. शेतातील रानलावे मात्र पकडू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. पिल्ले मान्यताप्राप्त उबवणी केंद्रातूनच घ्यावीत.

गादी ओली झाली तर तेवढा भाग रोज काढून टाकावा. नाकाला अमोनियाचा उग्र वास जाणवला तर पिलांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना तो त्याआधीच बाधू लागला आहे असे समजावे. राणीखेत रोगावरील लस पहिल्या आठवड्यात पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावी. पिल्ले हाताळण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत आणि पेटीजवळ रानपक्षी येऊ देऊ नयेत. २००६ साली आपल्याच महाराष्ट्रात नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. म्हणून अनेक पिल्ले एकाएकी मेली तर ती गुपचूप फेकून न देता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.

शाळांसाठी सूचना

ऊबपेटी हे शाळेत चालविण्याजोगे एक छोटे विज्ञानमंदिर आहे. विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने दर तीन तासांनी उबदार व गार अशा दोन्ही टोकांचे तापमान टिपावे, त्याच वेळी किती पिल्ले कोठे बसली आहेत हे मोजावे आणि आठवड्यातून एकदा पिलांचे वजन करावे. या नोंदींचा आलेख काढला म्हणजे पिल्ले हळूहळू दिव्यापासून दूर जाऊ लागल्याचे दिसून येईल. ज्या दिवशी ती रात्रीही दिव्याखाली जाईनाशी होतील, त्या दिवशी दिव्याचे काम संपले असे समजावे. मात्र रात्रीच्या पाळीस एखादा मोठा माणूस जबाबदार असेल तरच पिल्ले आणावीत. सुट्टीच्या दिवशीही त्यांना ऊब लागतेच. ज्याने ती आणली, त्याने तीन आठवडे आईचे काम पत्करले आहे.