गॅस भरण्याआधी गळती शोधा
उन्हाळ्यापूर्वी गाडीच्या एसीची तयारी

मुंबई-गोवा महामार्ग, वैभववाडी-गगनबावड्यावरून कोल्हापूरला जाणारा रस्ता आणि विजयदुर्गचा रस्ता तळेरे येथे एकत्र येतात. एप्रिल-मे महिन्यांत गावी येणारे चाकरमानी, लग्नाची वऱ्हाडे आणि पर्यटक यांच्यामुळे या रस्त्यांवर भाड्याच्या गाड्यांना चांगली मागणी असते. ऐन हंगामात एसी बंद पडला तर गिऱ्हाईक दुसरी गाडी पाहते. म्हणून हे काम मार्चपूर्वीच उरकलेले बरे. मात्र गॅरेजमध्ये जाऊन नुसते 'गॅस भरा' म्हणणे हा पैसे वाया घालविण्याचा मार्ग आहे.

पेट्रोल जळून संपते, तसा एसीचा गॅस संपत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, रेडिएटरसमोरील कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना गाडीतील उष्णता शोषून घेतो. तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. रबरी नळ्या व सील यांतून थोडा गॅस काही वर्षांत झिरपतो, हे खरे. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे हे नक्की. गळती न शोधता भरलेला गॅस हवेत जातो. शिवाय कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस कमी झाला की तेल पोहोचत नाही आणि कॉम्प्रेसर निकामी होतो. मग किरकोळ कामाचे मोठे बिल होते.

कोकणात एसीला दुहेरी काम असते. हवा थंड करण्याबरोबर तिच्यातील बाष्पाचे पाणी करण्यातही त्याची बरीच ताकद खर्च होते. गाडीखाली पाणी ठिबकते ते त्यामुळेच, त्यात बिघाड काही नाही. उलट ते पाणी पायाशी साचू लागले, तर पाणी जाण्याची नळी तुंबली असे समजावे. किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाड्यांचे कंडेन्सर खाऱ्या हवेने लवकर गंजतात, तर लाल मातीची धूळ त्यांच्या पात्यांत जाऊन बसते.

घरी करता येण्यासारखी कामे अशी :

१) कंडेन्सर साध्या पाण्याने हलक्या धारेने धुवावा. जोरदार धारेने पातळ पाती वाकतात.
२) केबिन फिल्टर काढून पाहावा. मळला असल्यास बदलावा. थंडावा कमी वाटण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.
३) एसी सुरू केल्यावर पुढचा पंखा फिरतो की नाही ते पाहावे.
४) कूलंटची पातळी इंजिन थंड असतानाच तपासावी.
५) नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग दिसला, तर गळती तेथेच असण्याचा संभव आहे.

गॅरेजमध्ये कामाचा क्रम आपण स्वतः विचारून घ्यावा. आधी गळतीची तपासणी, मग दुरुस्ती, त्यानंतर पंपाने व्हॅक्यूम आणि शेवटी गॅस. व्हॅक्यूम साधारण अर्धा तास तरी चालू द्यावा. आत राहिलेला दमटपणा गोठून मार्ग अडवतो आणि तेलाशी मिसळून आम्ल तयार करतो. गॅस अंदाजाने नव्हे, काट्यावर मोजून भरावा. छोट्या मोटारीत तो साधारण अर्धा किलोच्या आसपास असतो. नेमके वजन व प्रकार बॉनेटखालील चिठ्ठीवर दिलेला असतो. जास्त गॅस भरल्याने थंडावा वाढत नाही, उलट कॉम्प्रेसरवर भार पडतो.

गॅसच्या प्रकाराकडेही लक्ष असावे. पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ असे. त्याने ओझोनचा थर विरळ होतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने तो टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि आर-१३४ए आला. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. एकाच्या जागी दुसरा भरू नये. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस मिसळणे तर जिवावर बेतेल. इलेक्ट्रिक व हायब्रीड गाड्यांचे तेल वेगळे आणि विजेचा दाब जीवघेणा, तेव्हा ते काम जाणत्याकडेच द्यावे.

चालविताना काही सवयी लावून घ्याव्यात. उन्हात उभी गाडी सुरू केल्यावर काचा उघडून कोंडलेली गरम हवा आधी जाऊ द्यावी, मग आतली हवा फिरविण्याचे बटण दाबावे. करूळ घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर एसी थोडा वेळ बंद ठेवावा. पावसाळ्यात व थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा, त्याने सील सुकत नाहीत. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून एसीत कधीही झोपू नये. धुराडे गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

यात धंद्याचीही संधी आहे. कोकणातील अनेक तरुणांनी आखाती देशांत एसी दुरुस्तीचे काम केले आहे. व्हॅक्यूम पंप, दाबमापक, वजनकाटा आणि गळतीशोधक एवढ्या साहित्यावर महामार्गालगत हे काम सुरू करता येते. गळती कुठे होती, गॅस किती ग्रॅम भरला, हे बिलावर लिहून देणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक आपणहून परत येते. वाहनमालकांनीही असे बिल मागून घ्यावे आणि जपून ठेवावे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गॅस कमी झाला, तर शोध कोठून सुरू करायचा हे त्यावरूनच कळेल.